विणीचे पक्षी मोजताना: मुंबईत पहिल्या फेरीपासून दहाव्या वर्षापर्यंत

मुंबईत चिमण्या कमी झाल्या का, असं कोणालाही विचारा. उत्तर तयार असतं. किती कमी झाल्या, कधीपासून, गिरगावात जास्त की मुलुंडला, असं पुढे विचारलं की गाडी अडते. कारण पंधरा वर्षांपूर्वी त्याच नाक्यावर, त्याच महिन्यात, तितकीच मिनिटं उभं राहून कोणी चिमण्या मोजून ठेवलेल्या नसतात. ती मोजणी कशी सुरू करायची आणि मुख्य म्हणजे कशी टिकवायची, ते इथे सांगितलं आहे. दुर्बीण धरता येते आणि घराजवळचे पंचवीस-तीस पक्षी दिसण्यावरून आणि आवाजावरून ओळखता येतात, एवढी तयारी सुरुवातीला पुरते.

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो या मोजणीत येत नाहीत, हे आधीच सांगून टाकू. ते इथे चरायला येतात, घरटी करतात कच्छच्या रणाकडे. इथला आकडा खाली-वर झाला तर कारण कुठल्या टोकाला आहे ते नुसत्या मोजणीतून कळत नाही. हिवाळी पाहुण्यांचंही तेच. विणीचा पक्षी म्हणजे इथेच घरटं करून पिल्लं वाढवणारा. त्याची संख्या बदलली की इथल्या झाडांचं, किड्यांचं, भिंतीतल्या भोकांचं काहीतरी बदललेलं असण्याची शक्यता जास्त.

देशपातळीवर चित्र काय आहे? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला. त्यातल्या २०४ जाती घटलेल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या निघाल्या. त्याआधीच्या २०२० च्या अहवालात चिमणी देशभर साधारण स्थिर दिसली होती, पण मुंबईसह सहा महानगरांत घटताना दिसली. हे सगळं पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरलेल्या याद्यांवरून निघालं आहे, आणि तिथे एक मेख आहे. मोजमाप मुख्यतः वारंवारतेचं असतं: शंभर पूर्ण याद्यांपैकी (म्हणजे ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेल्या याद्यांपैकी) किती याद्यांत तो पक्षी आला. एखाद्या चाळीच्या आवारात ५० चिमण्यांच्या ५ झाल्या तरी यादीत ‘चिमणी’ येतच राहते. थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांची घट अशा मोजमापात उशिरा उमटते. म्हणून ठरावीक जागी, ठरावीक वेळ उभं राहून केलेली डोकीमोज हवी, आणि ती मुंबईत फारच थोड्या ठिकाणी होते.

मुंबईचे तीन हंगाम

ब्रिटनमध्ये १९९४ पासून एक किलोमीटरच्या चौकोनांत एप्रिल ते जून अशा दोन फेऱ्या होतात. अमेरिकेत १९६६ पासून रस्त्याकडेचे ५० थांबे आणि प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं, अशी पद्धत चालू आहे. पद्धतीची शिस्त तिथून जरूर घ्यावी. कॅलेंडर घेतलं तर फसाल, कारण त्यांचा एक वसंत असतो आणि आपली वीण जवळजवळ वर्षभर पसरलेली आहे.

घार थंडीतच घरटं बांधते. पोपट, पिंगळा, तांबट फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोल्या धरतात. तांबट गुलमोहराच्या किंवा शेवग्याच्या वाळक्या फांदीला भोक पाडतो. शिंजीर होळीच्या आगेमागे बांधकामात असतो. बुलबुल, कोतवाल, हळद्या, कावळे यांचा जोर एप्रिल-मेमध्ये, आणि कावळ्यांमागोमाग कोकिळेचा. पाऊस पडला की वटवटे, सुगरणी, पाणकोंबड्या, बगळे. नवरंग मेअखेरीस किंवा जूनमध्ये येतो आणि पावसात जंगलात घरटं करतो. फक्त मे महिन्यात मोजलंत तर सुगरण दिसेल ती मळकट चिमणीसारखी गप्प, आणि वटवट्याचा आवाजही क्वचितच कानावर पडेल.

म्हणून फेऱ्या तीन:

पहिली २० फेब्रुवारी ते १५ मार्च.
दुसरी २५ एप्रिल ते १५ मे.
तिसरी २० जून ते २० जुलै.

मोसमी पावसाची मुंबईतली सरासरी तारीख ११ जून आहे, त्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत तो साधारण रुळलेला असतो. एकदा तारखा ठरल्या की दरवर्षी त्याच पंधरवड्यात मोजा. यंदा ३ मे आणि पुढच्या वर्षी ५ मे, एवढा फरक चालतो. यंदा एप्रिलअखेर आणि पुढच्या वर्षी जूनच्या तोंडावर, असं झालं तर तुम्ही पक्ष्यांची संख्या मोजत नसून ऋतू मोजत असता.

वेळ घड्याळावर ठरवू नका, सूर्योदयावर ठरवा. मुंबईत मार्चच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेच्या सुरुवातीला सहा-दहाला, जुलैच्या सुरुवातीला सहा-पाचच्या आसपास. ‘साडेसहाला सुरुवात’ असं ठरवलं तर मार्चमध्ये अंधारात उभे राहाल आणि मेमध्ये दयाळाचं अर्धं गाणं संपून गेलेलं असेल. सूर्योदयाला सुरुवात करून दोन तासांत संपवा. मेमध्ये साडेआठनंतर पक्षीही सावलीला जातात आणि मोजणारेही.

जागा निवडणं

इथेच बहुतेक नवखे पहिली आणि सगळ्यात महाग चूक करतात: जिथे पक्षी भरपूर दिसतात तिथे पॉइंट, म्हणजे मोजायला उभं राहायची जागा, ठेवतात. भरगच्च जागा निवडली की पुढे ती जागा खालीच येऊ शकते. वर जायला वाव नसतो. शिवाय फक्त भांडुप पंपिंग स्टेशन आणि माहीमचं निसर्ग उद्यान मोजलं तर ‘मुंबई’बद्दल काहीच बोलता येत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या गल्ल्याही येतात.

चार-पाच जणांचा गट असेल तर नकाशावर एक-एक किलोमीटरचे चौकोन आखा, त्यांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाका. जे चौकोन निघतील ते घ्या. नाक मुरडायला वाव एकाच कारणासाठी: तिथे जाता येत नसेल तर. एकटेच असाल तर घरापासून पंधरा मिनिटांवरचा एक मार्ग पकडा, पण त्यावरचे पॉइंट मात्र अंतराने ठरवा. ‘इथे छान वड आहे’ म्हणून थांबा ठेवायचा नाही. २५० मीटर झाले की थांबायचं, समोर वड असो वा पेट्रोल पंप. बारा डब्यांची लोकल जवळपास तेवढी लांब असते, तो अंदाज डोळ्यांत ठेवा. याहून जवळ पॉइंट घेतले तर तोच कोकीळ दोन-तीनदा मोजला जातो.

एका सकाळी १२ पॉइंट होतात. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर एक मिनिट शांत उभं राहायचं, मग पाच मिनिटं मोजायचं. १२ पॉइंटना ७२ मिनिटं, मधलं चालणं साधारण ४५. म्हणजे दोन तास भरले. वीस पॉइंटचा उत्साह पहिल्या वर्षी टिकतो, तिसऱ्या वर्षी फेरीच बुडते.

पॉइंटची खूण टिकाऊ हवी. झाड पावसात पडतं, पानाची टपरी हलते, सोसायटीचं फाटक पुनर्विकासात जातं. रस्त्याच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक, पुलाचा कठडा, मंदिराची पायरी अशा खुणा लिहा आणि जोडीला मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत. दरवर्षी दुसऱ्या फेरीत पॉइंटवरून चारही दिशांना एकेक फोटो काढा. आठव्या वर्षी ‘इथला बुलबुल का गेला’ हा प्रश्न पडेल तेव्हा हे चार फोटो कोणत्याही आठवणीपेक्षा उपयोगी पडतात.

मुंबईत आणखी एक पथ्य फार महत्त्वाचं आहे. जागा उजाड झाली तरी पॉइंट हलवू नका. शेजारचा भूखंड खणला, झाडं गेली, मेट्रोचे पत्रे लागले की माणूस सहजपणे ‘थोडं पुढे सरकून’ उभा राहतो, कारण तिथे निदान पक्षी तरी असतात. तसं केलं की नेमकी जी घट मोजायची होती ती तुमच्या वहीतून निघून जाते. आरेमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं कापली गेली. त्या हद्दीलगत कोणाचा पॉइंट असेल तर सगळ्यात मोलाची नोंद त्याच्याकडेच आहे, मात्र तो जागचा हलला नसेल तरच. आत जाणं बंद झालं तर बंद झालं असं लिहा. जवळची दुसरी जागा त्याच नावाने चालवू नका.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वेळ आणि वाट वनखात्याच्या नियमाप्रमाणेच. मुख्य रस्ता सोडून आत मोजायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. उद्यान आणि आरे, दोन्ही बिबट्याची हद्द आहे. झुंजूमुंजू असताना तिथे एकट्याने फेरी ठेवू नका. दोघांनी जा, आणि दोघांतला एकच मोजेल हे आधी ठरवा.

सामान

८×४२ ची दुर्बीण, घड्याळ, छोटा क्लिपबोर्ड, पेन्सिल. पेन नको, जुलैत शाई पसरते आणि रात्री घरी बसून ‘३ की ८’ करत बसावं लागतं. आवाज ओळखणारं अ‍ॅप शिकायला चांगलं आहे, मोजायला नाही. त्याने नाव सुचवलं आणि तुम्ही स्वतः तो पक्षी ऐकला किंवा पाहिला, तरच नोंद. शिवाय चौथ्या वर्षी अ‍ॅप वापरायला लागलात की चौथ्या वर्षी पक्षी ‘वाढतात’. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं पूर्ण वर्ज्य: विणीच्या काळात नर घरटं सोडून भांडायला येतो आणि तुमचा आकडाही खोटा होतो.

अंतराचा अंदाज मात्र आधी पक्का करा. बेस्टच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या की साधारण २५ मीटर. चार बस म्हणजे पन्नास. दोन-तीन संध्याकाळी रस्त्यावर अंदाज करून मग पावलांनी मोजून बघा. बहुतेकांचा अंदाज सुरुवातीला तिसऱ्या हिश्शाने चुकतो आणि चार दिवसांत बसतो.

पाच मिनिटं

कागदावर पॉइंटला चार रकाने: ० ते २५ मीटर, २५ ते ५०, ५० च्या पुढे, आणि उडत गेलेले. वर तारीख, वेळ, ढग, वारा, आणि गोंगाट १ ते ३ मध्ये. बारीक फांद्या सतत हलण्याइतका वारा असेल किंवा पाऊस धरून लागला असेल तर मोजू नका. सर आली तर पंधरा मिनिटं आडोशाला थांबा. नाही थांबली तर फेरी दुसऱ्या दिवशी. रविवार निवडलात तर दरवर्षी रविवारच, कारण वाहनांच्या आवाजात शिंजीर आणि चष्मेवाला सगळ्यात आधी हरवतात.

समजा मे महिना आहे आणि पॉइंट आरेतल्या तबेल्याजवळच्या रस्त्यावर आहे. ६:२१ ला पोचलात, एक मिनिट गप्प. ६:२२ ला सुरुवात. तारेवर कोतवाल, १८ मीटर: पहिला रकाना, १. दयाळ दिसत नाही, गातो आहे, आवाज तबेल्याच्या छपरामागून: दुसरा रकाना, १. तांबटाची टुकटुक आधी डावीकडून, मग समोरून आल्यासारखी वाटते. घाई नको, तो बोलताना डोकं फिरवतो, म्हणून आवाज सरकतो. दोन टुकटुकी एकमेकांवर चढून ऐकू आल्या तरच दोन. साळुंक्यांची जोडी रस्त्यावर उतरली, २. डोमकावळा वरून सरळ निघून गेला: उडत्यांच्या रकान्यात. शिपाई बुलबुल चोचीत अळी घेऊन घाणेरीच्या झुडपात शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर आला: १, आणि बाजूला खूण. शेवटच्या मिनिटाला पाठीमागून पाच सातभाई ओरडत आले; ते मोजायचे. ६:२७ ला थांबा. ६:२८ ला हळद्या ओरडला. तो हुकला, आणि हुकूच द्या. ‘आता आलाच आहे तर लिहून टाकू’ असं एकदा केलं की पाच मिनिटांची साडेपाच होतात, आणि ती दरवर्षी वेगवेगळी होतात.

पिल्लं वेगळी लिहा. नुकती उडायला लागलेली साळुंकीची चार पिल्लं मोठ्यांत मिसळली तर तिसऱ्या फेरीचा आकडा फुगतो आणि तो पुढच्या वर्षीच्या विणीबद्दल काहीच सांगत नाही. निर्देशांक, म्हणजे सुरुवातीची वर्षं १०० धरून आजचा आकडा किती ते, प्रौढांवरूनच काढायचा.

वीण होते आहे हे कशावरून

ई-बर्डमध्ये विणीच्या नोंदींसाठी खुणा आहेत आणि त्या तीन पायऱ्यांत बसतात. योग्य जागी नुसता गाणारा नर: शक्य. जोडी, हद्दीवरून भांडण, प्रणयनृत्य किंवा त्याच ढोलीकडे पुन्हा पुन्हा जाणं: संभाव्य. घरटं बांधणं, पिल्लांसाठी चारा नेणं, पिल्लांच्या विष्ठेची पिशवी घरट्याबाहेर नेऊन टाकणं, पिल्लाला भरवणं, अंडी-पिल्लं दिसणं: निश्चित. पिशवी टाकणारा पक्षी एकदा ओळखायला शिकलात की पुष्कळ घरटी न शोधताच कळतात: चोचीत पांढरा ठिपका घेऊन सरळ रेषेत पंधरा-वीस मीटर जातो, टाकतो, परत येतो.

चकवे कुठले? कावळा आणि घार चोचीत किंवा पायात काही घेऊन जाताना दिसले म्हणजे चारा नेत आहेत असं धरू नका. ते वर्षभर काही ना काही उचलून नेतच असतात. कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसला तर कोकिळेसाठी ‘नुकतं उडालेलं पिल्लू’ आणि कावळ्यासाठी ‘पिल्लाला भरवणं’, अशा दोन्ही नोंदी होतात. राखी धनेशाचा नर एकाच ढोलीशी परत परत फळं घेऊन येत असेल तर आत मादी बंद आहे. तेवढं पाहून निघा.

घरटं शोधत फिरणं या मोजणीत बसत नाही. हात लावला म्हणून आई-बाप पिल्लं सोडतात, ही समजूत फारशी खरी नाही. खरा धोका वेगळा आहे: मुंबईचा कावळा माणसावर नजर ठेवून असतो, आणि तुम्ही फांदी बाजूला करून जिथे डोकावता तिथे पाच मिनिटांनी तो डोकावतो. कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यपक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं.

पाच मिनिटांत न मावणारे

काही पक्ष्यांना वेगळी मोजणी लागते. घारींची घरटी फेब्रुवारीत मोजा, उंच झाडं आणि दिव्यांचे मोठे खांब बघत. आकाशातल्या घारी मोजून उपयोग नाही, कारण थंडीत काळ्या कानाच्या पाहुण्या घारीही त्यांत मिसळलेल्या असतात.

बगळे, ढोकऱ्या, रातबगळे पावसात वसाहतीने घरटी करतात, पुष्कळदा सोसायटीच्या आवारातल्या पिंपळावर किंवा वर्षावृक्षावर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकाच जागेवरून भरलेली घरटी मोजा. खालचे लोक घाण होते म्हणून वैतागलेले असतात. मोजणीला गेलात की आधी त्यांच्याशी बोला, वर बोट दाखवत उभे राहू नका. पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी अगदी विणीच्या भरात येते, म्हणून पॉइंटभोवती छाटणी झाली की तारीख लिहून ठेवा.

सुगरणीसाठी मुंबईच्या माणसाला दूर जावं लागत नाही. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास तिचा प्रसिद्ध अभ्यास केला तो खाडीपलीकडच्या किहीमला. नर अर्धी घरटी विणून मादीला दाखवतो, तिने नाकारली की तशीच लटकत ठेवतो. शिंदीच्या झाडावर चाळीस घरटी दिसली म्हणजे चाळीस जोड्या नव्हेत. खाली पूर्ण नळी असलेली घरटी एका रकान्यात, टोपीसारखी अर्धवट दुसऱ्यात. जुलैच्या मध्याला एकदा, ऑगस्टअखेर एकदा. मागच्या वर्षीची तपकिरी पडलेली घरटी मोजायचीच नाहीत.

चिमणीसाठी मार्चच्या फेरीत भोकाजवळ, मीटरच्या पेटीवर किंवा पत्र्याच्या कडेला बसून चिवचिवणारे नर वेगळे लिहा. थव्याचा आकडा दाणा कुठे पडला यावर हलतो. जागा धरून चिवचिवणारा नर बऱ्यापैकी स्थिर असतो.

वही आणि शून्य

त्याच दिवशी ई-बर्डवर भरा. प्रत्येक पॉइंटची वेगळी पाच मिनिटांची, एका जागेवरची यादी. बारा पॉइंट एकत्र केले की सगळी मेहनत पाण्यात. जागेचं नाव दरवर्षी तेच. ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, या प्रश्नाला प्रामाणिक ‘हो’ देता आलं पाहिजे, म्हणून कावळे-पारवे गाळायचे नाहीत. दीर्घकालीन कल सगळ्यात आधी त्यांच्यातच दिसतो.

अंतराचे रकाने तिथे मावत नाहीत, म्हणून जोडीला स्वतःची स्प्रेडशीट लागते. एका ओळीत एक पॉइंट, एक फेरी, एक जात. आणि शून्य लिहायचं. मोजायला गेलो पण चिमणी नव्हती म्हणजे ०. फेरीच झाली नाही म्हणजे रिकामी चौकट. या दोहोंचा घोळ झालेल्या कितीतरी जुन्या वह्या आज कोणाच्याच कामाला येत नाहीत.

कल काढणं

पहिली तीन वर्षं काढूच नका. का, ते आकड्यांत बघा. योगायोगाने होणारा चढउतार साधारण आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो. ९ पक्षी मोजलेत तर ३ इकडेतिकडे, १०० मोजलेत तर १०. आता समजा चार मार्गांच्या ४८ पॉइंटवर ८४ चिमण्या आहेत आणि त्या दरवर्षी ३ टक्क्यांनी घटत आहेत. वर्षाला फरक पडतो अडीच चिमण्यांचा, आणि नुसता योगायोग ९ चा आहे. दोन वर्षांच्या तुलनेत काहीच दिसणार नाही. तरीही हीच ३ टक्क्यांची घट २५ वर्षं चालली तर संख्या निम्म्याहून खाली येते.

पद्धत सोपी ठेवा. प्रत्येक पॉइंटवर तीन फेऱ्यांपैकी त्या जातीचा सगळ्यात मोठा आकडा घ्या, उडत गेलेले सोडून. सगळ्या पॉइंटांची बेरीज म्हणजे त्या वर्षाचा आकडा. पहिल्या तीन वर्षांची सरासरी १०० धरा. एकच पहिलं वर्ष धरलं आणि ते नेमकं विचित्र निघालं तर पुढची सगळी वर्षं वाकडी दिसतात. समजा पहिल्या तीन वर्षांची सरासरी ८४ आणि आठ ते दहा या वर्षांची ६३. निर्देशांक ७५. मधलं अंतर सात वर्षांचं, म्हणजे वर्षाला साधारण ४ टक्के घट.

एखाद्या वर्षी काही पॉइंट हुकले तर त्यांना शून्य देऊन बेरीज करू नका. दोन्ही वर्षी झालेल्याच पॉइंटांची तुलना करा. पुढे हात बसला की ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाळलेल्या जागा सांभाळणारी गणितं तयार मिळतात.

आणि या ७५ वर किती भरवसा ठेवायचा? ४८ पॉइंटांच्या ४८ चिठ्ठ्या डब्यात टाकल्या अशी कल्पना करा. एक काढायची, लिहायची, परत डब्यात टाकायची, असं ४८ वेळा. काही पॉइंट दोनदा येतील, काही येणारच नाहीत. त्या संचावरून निर्देशांक काढायचा. हे संगणकाकडून हजार वेळा करवून घ्या, उत्तरं चढत्या क्रमाने लावा, खालची २५ आणि वरची २५ सोडा. उरलेला पट्टा ६० ते ९२ असेल तर घट आहे असं म्हणता येतं. ५५ ते ११० असेल तर अजून म्हणता येत नाही, वर्तमानपत्राने कितीही आग्रह केला तरी. वर्षाला दोन-चार वेळा दिसणाऱ्या जातींचं एकट्या गटाला कधीच सांगता येणार नाही. त्यांची नोंद ई-बर्डवर जाऊ द्या, मोठ्या हिशेबात उपयोगी पडते.

खोटी घट, खोटी वाढ

आलेख खाली गेला की पहिला संशय पक्ष्यांवर घेऊ नका. वय वाढलं की वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, आणि मोजणाऱ्याचा शिंजीर ‘घटतो’. पॉइंटसमोर उड्डाणपूल झाला की गोंगाट ३ वर जातो आणि गाणारे पक्षी ‘घटतात’. जवळच्या २५ मीटरच्या रकान्यात तेवढी घट नसेल तर दोष कानाचा किंवा आवाजाचा. नवी चांगली दुर्बीण आली की लांबचे रकाने फुगतात. पालिकेने २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला. तसल्या जागेजवळच्या पॉइंटवर पारवे एकदम उतरले तर ते मेले असं नव्हे, दाणा जिकडे गेला तिकडे ते गेले. अशा प्रत्येक बदलाला स्प्रेडशीटमध्ये तारखेसह एक ओळ द्या.

सगळ्यात मोठी खोटी उडी येते ती मोजणारा बदलला की. कोणाची बदली होते, कोणी विरारला राहायला जातो, कोणाचे गुडघे कुरकुरतात. म्हणून जुन्याने वही नुसती हातात देऊ नये. एक पूर्ण वर्ष, तिन्ही फेऱ्या, दोघांनी त्याच पॉइंटवर एकाच वेळी उभं राहून वेगवेगळ्या कागदावर मोजायचं, एकमेकांना न दाखवता आणि बोटाने काही न दाखवता. फेरी संपल्यावर चहाच्या टपरीवर कागद शेजारी ठेवा. जुन्याला ३१ बुलबुल आणि नव्याला २४ असतील तर कोणते सात हुकले ते रकान्यांवरून कळतं: बहुधा ५० मीटरपुढचे, न दिसता बोललेले. दोन्ही कागद जपून ठेवा. आलेखात त्या वर्षी दोन ठिपके येतील, ते तसेच येऊ द्या.